‘नुसतं चौकशीले नेलं’ : पोलीस ताब्यातील पहिले चोवीस तास आणि आपले हक्क



रात्री अकराच्या सुमारास फोन वाजतो. पलीकडे एखादी आई किंवा मोठा भाऊ असतो. “भाऊ, पोराले पोलिसाईनं नेलं. काऊन नेलं ते सांगून नाही राहिले. नुसतं चौकशीले नेलं म्हनते.” मूर्तिजापूर आणि आजूबाजूच्या खेड्यांत काम करताना असे फोन आम्हाला अनेकदा आले आहेत. जयंतीची मिरवणूक संपल्यावर येतात, झेंड्या-फलकावरून गावात तणाव झाल्यावर येतात, आणि अलीकडे मोबाईलवरच्या एखाद्या स्टेटसवरूनही येतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका फोननंतर आम्ही चार जण ठाण्यात गेलो. ठाण्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा, गॅरेजवर काम करणारा. आम्ही विचारले, “अटक केली का?” उत्तर आले, “नाही.” “मग घरी नेऊ का?” “नाही, साहेब येऊ द्या.” साहेब दुसऱ्या दिवशी आले. संध्याकाळी अटक दाखवली गेली. कागदावर अटकेची वेळ सहा वाजताची होती आणि मुलाला घरून नेले होते आदल्या रात्री नऊ वाजता. म्हणजे एकवीस तास तो मुलगा कायद्याच्या कागदावर कुठेच नव्हता. वकिलांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, “रात्री नऊला नेले, याचा पुरावा काय?” आमच्याकडे काहीच नव्हते. ना लिहून ठेवलेली वेळ, ना दिलेला अर्ज, ना त्याची पोच. चूक ठाण्याची होती, पण आमचीही तयारी नव्हती.

तेव्हापासून आम्ही विहारात आणि वाचनालयात तरुणांना एकच गोष्ट सांगतो. ताब्यात घेतलेल्या माणसाचे हक्क घोषणांनी वाचत नाहीत. ते घड्याळाने आणि कागदाने वाचतात. हा लेख त्या घड्याळाविषयी आणि त्या कागदांविषयी आहे.

कलम २२ : बाबासाहेबांनी केलेली भरपाई

संविधानाचे कलम २१ आपल्या सर्वांना पाठ असते. कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. संविधान सभेत हे कलम मसुद्यात १५ व्या क्रमांकावर होते. ते मंजूर झाले तेव्हा अनेक सदस्य नाराज होते. विधिमंडळाने उद्या कसाही कायदा केला आणि त्यात कशीही कार्यपद्धती ठरवली, तर माणसाला संरक्षण कुठले, असा त्यांचा सवाल होता.

ही उणीव बाबासाहेबांनी मान्य केली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी १५-अ हे नवे कलम सभागृहात मांडले. आधीच्या कलमात जे राहून गेले त्याची ही भरपाई आहे, अशी त्यांची भूमिका होती. तेच आजचे कलम २२. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे या गोष्टी त्यात आल्या. यांतल्या काही बाबी इंग्रजांच्या काळापासून फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात होत्याच, हे बाबासाहेबांनीही सांगितले. फरक एवढाच, पण फार मोठा, की साधा कायदा विधिमंडळ बदलू शकते. संविधानात लिहिल्यावर त्या हक्काला हात लावणे सोपे राहत नाही.

त्याच कलमाच्या पुढच्या भागात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला परवानगी आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्या राज्यात ‘एमपीडीए’ या १९८१ च्या कायद्याखाली अशी स्थानबद्धता होते. तिचे नियम वेगळे आहेत. खाली जे लिहिले आहे ते रोजच्या फौजदारी कारवाईविषयी.

‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’

बातम्यांत आणि ठाण्यात हे दोन शब्द वेगवेगळे वापरले जातात. ‘अजून अटक नाही, फक्त ताब्यात आहे’ असे ऐकले की घरचे लोक सुस्कारा सोडतात. खरे तर काळजी करण्याची वेळ तीच असते. अटक झाली की कागद तयार होतात, वेळ पडते, वकील येतो. ‘फक्त ताब्यात’ असलेल्या माणसाबाबत यांतले काहीच होत नाही.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हा शब्दांचा खेळ टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच अशक हुसेन अल्ला देथा प्रकरणात स्पष्ट केले, की माणसाच्या हिंडण्या-फिरण्यावर बंधन आले त्या क्षणी अटक सुरू होते. अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ लिहिली त्यावर ते ठरत नाही. दार उघडे आहे, पण उठून घरी जाता येत नाही, तर ती अटकच. आमच्या त्या मुलाचे चोवीस तास रात्री नऊला सुरू झाले होते, दुसऱ्या संध्याकाळी सहाला नव्हे.

न्यायालय हे मान्य करते, पण ‘नऊ वाजता’ हे सिद्ध करावे लागते. म्हणून पहिले काम वेळ लिहून ठेवण्याचे. किती वाजता, कुठून, कोणत्या गाडीतून नेले, गाडीचा क्रमांक काय, सोबत कोण होते, हे सगळे लगेच वहीत उतरवा. घरच्या माणसाने लगेच आपल्याच एखाद्या नातेवाइकाला तसा मेसेज पाठवला तरी वेळेचा एक पुरावा तयार होतो.

बोलावण्याचीही रीत आहे

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. लोक तिला ‘बीएनएसएस’ म्हणतात. पूर्वीची ‘४१-अ ची नोटीस’ आता कलम ३५(३) ची नोटीस झाली आहे. अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी लेखी नोटीस देऊन हजर राहायला सांगायचे, असा हा नियम. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, अटक का आवश्यक आहे ते लिहून ठेवा आणि दंडाधिकाऱ्यांनीही डोळे झाकून कोठडी देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात बजावले आहे. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, असेही न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सांगितले.

रीतसर नोटीस आली असेल तर मात्र जावेच लागते. टाळाटाळ केली तर तेच अटकेचे कारण होऊ शकते. जाताना नोटिशीचा फोटो काढून घरी ठेवा आणि सोबत एक माणूस न्या. आजारी माणूस किंवा साठ वर्षांवरील व्यक्ती असेल आणि गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल, तर पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

अटक होते तेव्हा

बीएनएसएसच्या कलम ३६, ३८, ४७ आणि ४८ मध्ये अटकेची पद्धत दिली आहे. बंगालच्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी घालून दिलेल्या सूचनांचा बराच भाग आता कायद्याच्या पुस्तकात आला आहे. तरुणांनी एवढे लक्षात ठेवावे :

- अटक करणाऱ्या पोलिसाच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे.
- अटकेचा पंचनामा त्याच वेळी तयार झाला पाहिजे. त्यावर किमान एका साक्षीदाराची सही हवी. हा साक्षीदार कुटुंबातला किंवा त्या परिसरातला प्रतिष्ठित माणूस असावा. अटक झालेल्याचीही त्यावर सही लागते.
- नातेवाईक, मित्र किंवा अटक झालेली व्यक्ती सांगेल त्या माणसाला अटकेची आणि ठिकाणाची माहिती दिली पाहिजे, आणि तशी नोंद ठाण्याच्या वहीत झाली पाहिजे.
- गुन्हा जामीनपात्र असेल तर जामिनाचा हक्क आहे हे पोलिसांनी स्वतःहून सांगितले पाहिजे.
- चौकशीच्या काळात पसंतीच्या वकिलाला भेटता येते. संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही.
- अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. अंगावर जखमा असतील तर त्या कधी झाल्या असाव्यात हेही अहवालात लिहिले जाते, आणि त्याची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते.
- बेड्या सरसकट घालता येत नाहीत. खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी, कोठडीतून पळालेला आरोपी अशा ठराविक प्रकरणांपुरती ती मुभा आहे.

यात अलीकडे एक मोठी भर पडली. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात निकाल दिला. त्या खंडपीठावर आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश म्हणून होते. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. अगदीच तातडी असेल तर आधी तोंडी सांगता येतील, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती लेखी द्यावीच लागतील. न दिल्यास अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. तेव्हा ‘काऊन नेलं ते सांगून नाही राहिले’ हे गाऱ्हाणे आता नुसते गाऱ्हाणे राहिलेले नाही. वकिलाने न्यायालयात पहिल्याच दिवशी उचलायचा तो मुद्दा आहे.

कोणत्या कागदावर सही, कोणत्यावर नाही

कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. ते संविधानाच्या कलम २०(३) मध्ये आहे. नाव, पत्ता, वय खरे सांगावे. खोटे बोलू नये. पण ‘मीच केले’ असे वदवून घेण्याचा प्रयत्न झाला तर गप्प राहण्याचा हक्क आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. कबुलीसाठी मारहाण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे.

सहीबाबत आमच्या पोरांचा नेहमी गोंधळ होतो. अटकेच्या पंचनाम्यावर सही द्यावी लागते. ती वाचून, आणि वेळ बरोबर लिहिली आहे का ते पाहून द्यावी. वेळ चुकीची असेल तर सहीजवळ आपल्या हाताने खरी वेळ लिहावी. पण तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नाही असे कायदाच म्हणतो. कोऱ्या कागदावर तर कोणत्याही परिस्थितीत सही करू नये. मोबाईल किंवा गाडी घेतली असेल तर जप्ती पंचनामा मागावा. झडती आणि जप्तीचे व्हिडिओ चित्रीकरण आता बंधनकारक आहे.

महिला, मुले, ज्येष्ठ

विदर्भातल्याच एका घटनेने या विषयावर देश हादरला होता. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे ‘मथुरा प्रकरण’. लक्षात घ्या, ती आरोपी नव्हती. तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीवरून जबाबासाठी तिला ठाण्यात बोलावले होते. नागपूर खंडपीठाने दोषी धरलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला.

म्हणून प्रत्येक वस्तीत हे माहीत असले पाहिजे. महिलेला, पंधरा वर्षांखालील मुलाला, साठ वर्षांवरील व्यक्तीला, दिव्यांग किंवा गंभीर आजारी माणसाला जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तरी महिला अधिकारी आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते.

अठरा वर्षांखालील मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. त्याला चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मिरवणुकीत किंवा दगडफेकीच्या प्रकरणात पकडलेल्या मुलांचे वय पुष्कळदा ‘अंदाजे १९’ लिहिले जाते. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला घेऊन धावत जाणे, हे शंभर जणांच्या मोर्चापेक्षा मोठे काम आहे.

दंडाधिकाऱ्यांसमोरची दोन मिनिटे

चोवीस तासांत माणूस न्यायालयात उभा राहतो. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. रविवार किंवा सुटी असली तरी हा नियम थांबत नाही. तिथे ठरते पीसीआर की एमसीआर, म्हणजे पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी. हे सारे पुष्कळदा दोन मिनिटांत उरकते. आणि या दोन मिनिटांतला एक प्रश्न पुढे फार महाग पडू शकतो : “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?”

हा प्रश्न विचारलाच पाहिजे, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरले. पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईच्या लॉकअपमधील महिलांच्या छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले होते. १९८३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की दंडाधिकाऱ्यांनी मारहाणीबद्दल विचारावे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही सांगावे. अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी सेवा समितीला कळवावे, असेही त्यात आहे.

आता परभणी आठवा. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण त्यात पकडला गेला. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. सोमनाथने दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदलेले होते. त्याच्या आईच्या याचिकेवर ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. तिची बाजू अॅड. प्रकाश आंबेडकर यांनी मांडली होती. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, पण ३० जुलैला तिथेही तो आदेश कायम राहिला. नुसता गुन्हा नोंदवण्याच्या आदेशापर्यंत पोहोचायला एका आईला सात महिने लागले.

सोमनाथ कायदा शिकत होता. तरीही त्याचे काय झाले ते आपण पाहिले. म्हणून ‘हक्क माहीत करून घ्या’ एवढे सांगून आम्ही थांबू शकत नाही. ज्यांच्या ताब्यात परत जायचे आहे त्यांच्याच समोर तक्रार करायला माणूस घाबरतो. ही भीती खोटी नाही. तिथे बाहेरचा आवाज लागतो. वकिलाने सांगावे, “साहेब, शर्ट काढून पाहा, पुन्हा वैद्यकीय तपासणीचा आदेश द्या.” नातेवाइकाने त्याच दिवशी न्यायालयात लेखी अर्ज द्यावा. ‘सध्या तक्रार नाही’ एवढे तीन शब्द नोंदले गेले, की पुढची अनेक वर्षे ते आपल्याच विरोधात वापरले जातात.

हे एका परभणीपुरते नाही. केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२२ या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीत ६६९ मृत्यू नोंदले गेले. त्यांत गुजरातमध्ये ८० आणि महाराष्ट्रात ७६.

कोठडीत मृत्यू झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी बंधनकारक आहे. मारहाण झाली असेल तर सीसीटीव्हीचे चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्यास आणि चित्रीकरण १८ महिने, किमान एक वर्ष तरी, ठेवण्यास सांगितले आहे. कॅमेरा बंद होता असे उत्तर मिळाले तर तेही लेखी घ्या.

जयंतीआधीच्या नोटिसा आणि चॅप्टर केस

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की कार्यकर्त्यांना नोटिसा येतात. पूर्वीची १४९ ची नोटीस आता कलम १६८ खाली येते. ती समज आहे, शिक्षा नाही. घ्यावी, तारीख टाकून पोच द्यावी, प्रत फाइलला लावावी. जुने १५१ आता कलम १७० आहे. गुन्हा होऊ नये म्हणून त्याखाली अटक करता येते, पण दुसरे कारण नसेल तर चोवीस तासांपलीकडे ठेवता येत नाही.

चॅप्टर केस तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांसमोर चालते. जुने १०७ आणि ११० आता १२६ आणि १२९ झाले आहे. ‘चाल, एक सही कर आन् मोकळा हो’ असे म्हणून बंधपत्रावर सही घेतली जाते. आपली पोरे वाचतही नाहीत. पुढे अशीच कागदे जमत जातात आणि एक दिवस तडीपारीच्या प्रस्तावाला जोडली जातात. चॅप्टर केसमध्येही वकील लावता येतो, लेखी म्हणणे देता येते. तारीख चुकवू नका.

वकील आणि जामीन

‘वकिलाले द्यायले पैसे कुठून आणाचे?’ हा पहिला प्रश्न असतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील व्यक्ती, महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहेच. जातीचा दाखला त्या रात्री सापडला नाही तरी अडत नाही, कारण ‘कोठडीतील व्यक्ती’ एवढे पुरेसे आहे. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, अकोल्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. त्यात जामीनदार देण्याइतकी ऐपत नसलेल्याला स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे लागते. आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असेच कायदा समजतो. अजामीनपात्र गुन्ह्यात दोषारोपपत्र ६० दिवसांत, जन्मठेपेसारख्या गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत आले नाही, तर मागितल्यावर जामीन मिळतो. ‘मागितल्यावर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तारीख मोजत राहा आणि अर्ज वेळेत टाका.

ठाण्यावर जाताना

आम्ही आमच्या गटात पाळतो ते नियम इथे देतो.

एक, दोघे-तिघेच आत जा, त्यांत एक महिला असू द्या. पन्नास जणांनी आवारात आरडाओरडा केला तर सुटका लांबते आणि सरकारी कामात अडथळ्याचा नवा गुन्हा अंगावर येतो. लोक ज्याला ३५३ म्हणून ओळखतात ते कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ आहे. दोन, आधी ठाणे नक्की करा. रेल्वे स्थानकावरून नेले असेल तर शहर ठाण्यात नव्हे, लोहमार्ग पोलिसांकडे विचारा. अटक झालेल्यांची माहिती ठेवण्यासाठी प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा एक अधिकारी नेमलेला असतो, त्याचे नाव विचारा. तीन, ठाणेदारांशी नीट बोला. पोलिसांतही आपल्या घरांतली मुले आहेत, आणि नियमाने वागणारे अधिकारीही आम्ही पाहिले आहेत. चार, फेसबुक लाइव्ह करू नका. अल्पवयीन मुलाचे किंवा पीडित महिलेचे नाव-फोटो टाकणे हा आपलाच गुन्हा ठरेल.

पाच, आणि सर्वांत महत्त्वाचे : बोलणे झाले तरी लेखी अर्ज द्या. एवढाच मजकूर पुरे :

“माझा मुलगा/भाऊ (नाव, वय) याला दिनांक … रोजी … वाजता … येथून पोलिसांनी नेले आहे. त्याला अटक केली असल्यास अटकेची कारणे लेखी द्यावीत, अटकेचा पंचनामा दाखवावा, वकिलांना भेटू द्यावे व वैद्यकीय तपासणी करावी. अटक केली नसल्यास त्याला तात्काळ घरी जाऊ द्यावे. या काळातील सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करावे. अर्ज दिल्याची वेळ …”

दोन प्रती करा आणि एका प्रतीवर आवक शिक्का व वेळ घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज त्याच रात्री जिल्हा पोलीस अधीक्षकांना ई-मेल करा आणि ११२ वर फोन करून नोंद घडवा. माणूस कुठे आहे हेच कळत नसेल तर नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरण याचिका दाखल करता येते. तिथे हीच वेळ, हाच अर्ज उपयोगी पडतो. सुटका झाल्यावर अंगावर मार असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढा.

अटकेच्या पंचनाम्यावर ‘परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती’ साक्षीदार हवी, असे कायदा म्हणतो. आपल्या वस्तीत ती व्यक्ती कोण? आजवर पोलीस ज्याला ओळखतात तोच तिथे सही करत आला. ती जागा आपण घ्यायला हवी. प्रत्येक विहारात दोन तरुण आणि एक ताई अशी तीन नावे ठरवा. त्यांचे फोन नंबर, विधी सेवा समितीचा पत्ता आणि वरच्या अर्जाच्या दहा कोऱ्या प्रती विहाराच्या कपाटात ठेवा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढून हा अर्ज सगळ्यांकडून एकदा भरून घ्या.

तो गॅरेजवरचा मुलगा आता पंचविशीच्या पुढे आहे. मागच्या वर्षी शेजारच्या गावातून असाच फोन आला, तेव्हा तो आमच्याआधी ठाण्यात पोहोचला होता. हातात वही होती आणि पहिल्या ओळीवर वेळ लिहिलेली होती. त्या रात्री तो पोरगा साडेबाराला घरी आला.

जय भीम, जय संविधान.